लोखंडी चाकं

आमचा ट्रॅक्टर दिवाळीनंतर बंद पडला आणि मी आषाढ उजाडेपर्यंत त्याला नुसत्या शिव्या देत बसलो. ही माझी चूक, आधीच कबूल करतो. बाकीच्यांच्या चुका पुढे येतीलच, आणि त्यांच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही.

नव्वदीच्या अखेरची वर्षं. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला आमची भातशेती. बाबांनी बैल विकून हा जुना ट्रॅक्टर घेतला होता. तो वर्षातले चार-सहा दिवस शेतात आणि बाकी दिवस भरावाच्या कामावर. ट्रॉलीत लाल माती भरायची आणि बिल्डरने घेतलेल्या खाचरांत नेऊन ओतायची. चालवायचो मी. आमच्या बांधाला लागून असलेलं खाचरही मीच भरलं. त्या खाचरात बाबा जन्मभर शेजाऱ्याच्या लावणीला जात आले होते. पण मी नाही भरलं तर दुसरा कोणी भरणारच होता ना? बाबा तेव्हा बांधावर उभे राहून बघत होते.

मग दिवाळीनंतर एका सकाळी ट्रॅक्टरने मान टाकली. सेल्फ मारला की सुरू व्हायचा, जरा रेस दिली की घुसमटून बंद. मी वैतागून एका टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून लागलो. आषाढात मात्र गळ्याशी आलं. आवण, म्हणजे लावणीची रोपं, हातभर झालेली. आणखी आठ-दहा दिवसांत ती पेरं धरणार आणि मग लावून काही उपयोग नाही. त्याआधी खाचरात पाणी धरून चिखलणी व्हायला हवी. गावात भाड्याने ट्रॅक्टर शोधला, तर सगळ्यांकडे ट्रॉल्या, चिखलणीचं सामान एकाकडेही नाही आणि आमचं त्यांच्या ट्रॅक्टरला बसत नाही. बाजूचा बिल्डर दोनदा येऊन सांगून गेला होता की जमीन ओसाडच पडणार असेल तर देऊन टाका. एक वर्ष लावणी चुकली की घरातलेच चार जण त्याच्या बाजूने बोलायला लागतील, हे मला दिसत होतं.

सातिवलीहून मेकॅनिक आणला. काय तो रुबाब! पहिल्या दिवशी त्याने फिल्टर बदलले आणि हवा काढली. दुसऱ्या दिवशी नोझल काढून नेले आणि तिसऱ्या दिवशी परत बसवले. ट्रॅक्टर ढिम्म. चौथ्या दिवशी हात पुसत म्हणाला की मेन डिझेल पंपच बाद झालाय, उतरवून न्यावा लागेल, पंधरा दिवस धरा. मी म्हटलं, फिल्टरलाच डिझेल जोरात येत नाहीये, मग पुढच्या पंपाचा काय दोष? तो हसला आणि म्हणाला, "शेठ, तुम्ही टेम्पो चालवा." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला त्याच्या हत्यारांसकट वाटेला लावलं.

हे चारही दिवस बाबा ओट्यावर बसून सुपारी कातरत सगळं बघत होते. मेकॅनिकच्या मदतीला मी चिखलात उताणा पडलेला, डोळ्यांत डिझेल गेलेलं, आणि हा माणूस मूग गिळून बसलेला! निदान उजेडाला बॅटरी तरी धरावी की नाही?

मी टाकीपासून सुरुवात केली. नळी सोडली, तर डिझेल भळाभळा आलं. म्हणजे टाकी ठीक. टाकीतलं डिझेल पुढे ढकलायला एक छोटा फीड पंप असतो, मुठीत मावेल एवढा. त्याच्यापर्यंत धार चांगली आणि त्याच्यापुढे नुसते थेंब. त्याचा बाजूचा नट खोलला. आत डिझेल ढकलणारा प्लंजर आणि त्याला मागून रेटणारी स्प्रिंग असायला हवी. बोट घातलं तर आत काहीच नाही. चार दिवस त्या शहाण्याने हा एक नट खोलून बघितला नव्हता.

प्लंजर झिजतो, अडकतो, पण नाहीसा होत नाही. नटाच्या आट्यांना पिवळंधमक ग्रीस लावलेलं होतं. नट आवळण्याआधी आट्यांना ग्रीस लावणारा आमच्या घरात एकच माणूस.

नट हातात घेऊन मी ओट्यासमोर उभा राहिलो आणि तोंडाला येईल ते बोललो. आठ महिने ट्रॅक्टर सडला, मी दुसऱ्याच्या टेम्पोवर राबलो, आवण वाया जायची वेळ आली, आणि चार दिवस माझा तमाशा बघताना यांना काहीच कसं वाटलं नाही! बाबांनी मला पुरतं बोलू दिलं. मग अडकित्ता बाजूला ठेवला.

"लोखंडी चाकं चढव," ते म्हणाले. "मग देतो."

लोखंडी चाकं म्हणजे चिखलणीची, पट्ट्यांची जाळीदार चाकं. मागचे टायर काढून तिथे बसवायची. चिखलात ती छान धरतात, पण डांबरी रस्त्यावर चालत नाहीत. ती चढवलेला ट्रॅक्टर घरामागच्या शेतात जाऊ शकतो, दुसरीकडे कुठेच नाही. संध्याकाळपर्यंत मी दात-ओठ खात गोठ्यातून ती चाकं ओढून काढली, जॅक लावला आणि एकट्याने चढवली. शेवटचा नट आवळल्यावर बाबा वालाच्या बियाण्याचा डबा घेऊन आले. वालात हात घालून त्यांनी तेलकट फडक्याची पुरचुंडी काढली. आत प्लंजर आणि स्प्रिंग, नव्यासारखी लख्ख.

हवा काढून सेल्फ मारला. रेस दिली, आणखी दिली. बंद पडला नाही.

सकाळी फाळ जोडला. वरचा दांडा आखडून-सोडून फाळ किती खोल जाईल ते ठरवायचं असतं, ते बाबांनी स्वतः चिखलात उतरून, पाय रोवून बघितलं. खालचा कडक थर फुटला तर पाणी ठरत नाही. आईने दुसऱ्या दिवशी बांधावरून बघितलं आणि म्हणाली, "पानी टिकलंय." लावणी झाली. बिल्डर तिसऱ्यांदा आला तो बांधावरूनच परत गेला.

आठ दिवसांनी भरावाचा कंत्राटदार भेटला. पावसात माती चालत नाही, पण फुटक्या विटा चालतात. थोडंच काम आहे, येतोस का, म्हणाला. बघतो म्हटलं, एवढंच. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर धुतला आणि लोखंडी चाकं उतरवायला घेतली. एक उतरलं होतं, तेवढ्यात बाबा समोर येऊन उभे राहिले. तळहात पुढे केला.

मी भडकलोच. लावणी केली, शेत वाचवलं, हाडं मोडली माझी, आणि तरी हे? "पोटच्या पोरावर विश्वास नाही तुमचा?"

त्यांनी माझ्या हातातल्या पान्याकडे बघितलं.

"हाय की," ते म्हणाले. "मग रबरी चाकं कोनासाठी चढवतोस?"

 माझा राग तेवढाच होता.  तरी त्याच पान्याने फीड पंपाचा नट खोलला, प्लंजर आणि स्प्रिंग त्यांच्या हातावर ठेवली आणि नट परत आवळायला लागलो.

"ग्रीस लाव," बाबा म्हणाले.