घाट उतरेपर्यंत

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तरी आम्ही दोघंच असे कधी कुठं गेलो नव्हतो. गेलो ते कायम जीप भरून, कुणाच्या लग्नाला नाहीतर देवाला. राहुरीत माझं दुकान आहे, पाण्याच्या जळालेल्या मोटारींत तांब्याची तार नव्यानं भरून द्यायचं. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि त्यानंच आमची गोव्याची तिकिटं काढली. तिला गाडीतून दूधसागरचा धबधबा बघायचा होता.

निघायच्या आठ दिवस आधी अंघोळ करताना तिच्या हाताला छातीतली गाठ लागली. नगरच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट मोबाईलवर येईल म्हणाले, पण कधी ते नक्की सांगितलं नाही.

मी म्हणालो, "तिकिटं रद्द करू. पुन्हा कधी जाऊ."

"मी घरात बसले म्हणून रिपोर्ट लवकर येणारे का?" ती म्हणाली आणि बॅग भरायला लागली.

नगर स्टेशनावर कळलं, गाडी पाच तास उशिरा आहे. फलाटावरचे सगळे वैतागले. ही मात्र खूश. ही गाडी एरवी धबधब्याचा घाट अंधारातच उतरते, आता उजेडात उतरणार होती. मी दर दोन मिनिटांनी मोबाईल बघत होतो. मुलाला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. त्याचा "बसलात का?" असा फोन आला तेव्हा मी मोबाईल तिच्या हातात दिला, तीच बोलली. अगदी मजेत बोलली.

सकाळी लोंढा सोडताना मेसेज आला. रिपोर्ट तयार आहे, खालच्या लिंकवर बघा. मी लिंक दाबली. नुसतं गोल फिरत राहिलं. कॅसलरॉकला गाडी बराच वेळ थांबली, घाट उतरायचा म्हणून ब्रेक तपासत होते. मी फलाटावर उतरलो, मोबाईल वर धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो. रेंजची एक काडी यायची, जायची. शिट्टी झाली तशी ती दारातून ओरडली, "अहो, चढा आधी!"

मी धापा टाकत जागेवर आलो. "आला हाय रिपोर्ट. उघडंना."

तिचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग तिनं माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि पर्समध्ये ठेवून चेन लावली. "खाली उतरल्यावर बघू. आता तो उघडणारही नाही आणि तुम्ही बाहेर बघणारही नाही."

गाडी पावलापावलानं उतरत होती. एका बाजूला ओला काळा कातळ, दुसऱ्या बाजूला खोल हिरवी दरी. मग बोगदे सुरू झाले. पहिल्या बोगद्यात डबा काळोखला आणि तिनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली. उजेड आला तसा हात सुटला. ती पुन्हा खिडकीशी, पोरीसारखी. पुढच्या बोगद्यात पुन्हा तेच. बोगद्यात गाडी रेंगाळली तर बरं, असंही एकदा वाटून गेलं.

"तुला भीती वाटंना का?" शेवटी मी विचारलंच.

"वाटते की. पण भीती घरीही वाटलीच असती आणि खिडकीतून शेजाऱ्यांची भिंत दिसली असती."

धबधब्यापाशी सगळा डबा एका बाजूला लोटला. पाण्याचा आवाज गाडीपेक्षा मोठा होता. खिडकीतून तुषार आत येत होते, कुणी आरोळ्या मारत होतं, कुणी फोटो काढत होतं. खरं सांगायचं तर मी धबधबा नीट पाहिलाच नाही. मी तिच्याकडे बघत होतो. चष्म्यावर पाणी उडालेलं, तोंड थोडं उघडं. माझ्या मनात एकच, हिला काही झालं तर मी काय करू? मला साधा वरण-भाताचा कुकरही लावता येत नाही. एवढ्या मोठ्या भीतीत माझ्या डोक्यात कुकर यावा, याची मला अजून लाज वाटते.

कुळ्याला गाडी सपाटीवर आली आणि पर्समध्ये मोबाईल वाजायला लागला. फाईल उघडली. सगळं इंग्रजी. माझ्या डोळ्यांपुढं अक्षरं नाचत होती. तिनं पहिलीच्या पोरांना शिकवते तसं प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत वाचलं. एका शब्दावर बोट थांबलं ते हललं नाही.

"लावा डॉक्टरांना फोन," ती म्हणाली.

डॉक्टर स्पष्ट बोलले. गाठ कॅन्सरची आहे, पण लहान आहे, वेळेत सापडली. ऑपरेशन करावं लागेल. आम्ही गाडीत आहोत म्हटल्यावर म्हणाले, "दोन दिवसांनी काही बिघडत नाही. फिरून या."

मी लगेच परतीच्या गाड्या शोधायला लागलो. ती रडली, पदर तोंडाला लावून, समोरच्यांना कळू नये अशी. मग डोळे पुसून म्हणाली, "समुद्र बघितल्याशिवाय मी मागं फिरणार नाही." आम्ही दोन दिवस राहिलो. तिनं मासे खाल्ले, वाळूत चप्पल हरवली. मुलाला तिथूनच फोन करून सांगितलं.

दिवाळीआधी ऑपरेशन झालं, मग पुण्याला केमो. केस गेले, परत आले, आधीपेक्षा कुरळे. ती शाळेत जायला लागली त्याला आता दीड वर्ष झालं. दर सहा महिन्यांनी तपासणी असते. त्याआधीच्या आठवड्यात माझ्या हातून तारेचे वेढे चुकतात, भरलेली तार पुन्हा उलगडावी लागते. ती मात्र त्या आठवड्यातही वह्या तपासत बसते. फक्त झोपेत कधीकधी माझं मनगट धरते, घट्ट, आणि मी ते सोडवून घेत नाही.