न्हावऱ्याच्या तळ्यात मी कमरेपर्यंत

माझे सासरे हरवले तेव्हा मी दुर्बिणीतून एक चतुर बघत होतो. (चतुर म्हणजे तो हेलिकॉप्टरसारखा किडा.)

मे महिन्यातली सकाळ होती. सासऱ्यांचं, म्हणजे माझ्या मामांचं आणि बायकोच्या आबांचं, बायपास होऊन दोन महिने झाले होते. डॉक्टरांनी थोडं मोकळ्या हवेत फिरा म्हणून सांगितलं होतं, तेव्हा मीच हौसेनं त्यांना गाडीवर बसवून न्हावऱ्याच्या पाझर तलावावर पक्षी दाखवायला नेलं. आबांना एकटं सोडू नका, असं बायकोनं निघताना तीनदा बजावलं. मी काय लहान आहे का, असं मी तिला एकदाच विचारलं.

तळं आटून मधे थोडंसं पाणी उरलं होतं. चतुर उडायचा आणि फिरून त्याच काडीवर बसायचा. पाचेक मिनिटांनी मागं वळलो, तर मामा नाहीत! बाभळीखाली त्यांच्या चपला, आणि तिथून पाण्याकडं गेलेली अनवाणी पावलं.

तेवढ्यात बायकोचा फोन. आबा कुठंयत म्हणाली.

"पक्षी बघतायत."

"मग तुम्ही का धापा टाकताय?"

रेंज गेल्याचं नाटक करून मी फोन ठेवला आणि धावत सुटलो. पावलं पुढं डावीकडं वळली होती. मी सरळ गेलो. वरून वाळलेला दिसणारा गाळ आतून खिरीसारखा निघाला. आधी गुडघ्यापर्यंत गेलो, धडपडलो तसा कमरेपर्यंत. मामांच्या नावानं असा बोंबललो की तळ्यावरचे सगळे पक्षी उडाले.

पलीकडच्या बांधाआडून मामांचं डोकं वर आलं. टिटवी अंड्यांवर परत यावी म्हणून ते आवाज न करता तिथं बसून होते. ते सावकाश काठापर्यंत आले, गावातल्या दोघांना दोर घेऊन यायला फोन केला, मग माझ्याकडं बघून एकदम हळू आवाजात म्हणाले, "पावणं, हलू नका."

साप आहे का, मी कसंबसं विचारलं.

"न्हाई, बगळा हाय. तुमच्या भवतीचं किडं टिपतोय. म्हस समजलाय त्यो तुम्हाला."

दोर येईपर्यंत मामांनी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. बगळा झकास आलाय. म्हैस जरा हललीय.