करंजाचं तेल आणि जळका ऊस

परवा नातू गाडीत पेट्रोल भरताना म्हणाला, "आजी, ह्यात आता उसाचं इथेनॉल असतं, माहितीय?" त्याला वाटलं म्हातारीला नवल वाटेल. नवल कसलं बाई! गाडीला काय पाजावं ह्या गोष्टीवरून आमच्या घरात एकदा एवढा गोंधळ झाला होता की त्या दिवसाची चुलीवर ठेवलेली भाकरी कोळसा झाली, तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

मोठा दुष्काळ सरला, त्यानंतरचा तो हिवाळा. पुणतांब्याच्या अलीकडे आमची वस्ती. दुष्काळात बैल गेले, आणि आमच्या ह्यांनी हट्टानं ट्रॅक्टर घेतला. आता ट्रॅक्टर होता तर डिझेल नव्हतं. अरबांनी तेल अडवलंय म्हणे, एवढंच आम्हाला कळलेलं. पंपावर पाटी, "डिझेल नाही", आणि पाटीखाली पिंपांची रांग. माणसं घरी जायची, पिंपं रांगेत राहायची.

अशात एका दुपारी शेजारच्या वावरात पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, पेटवलं होतं, वारं फिरलं, आणि आमच्या उसानं पेट घेतला. त्या साली विहिरीच्या तळाच्या पाण्यावर जगवलेला तेवढाच एक तुकडा. पाचट सगळं जळून गेलं, कांड्या काळ्या ठिक्कर उभ्या. जळका ऊस लगेच तोडावा लागतो, नाहीतर आतला रस आंबतो. कारखान्याचा चिटबॉय, तोडणीच्या चिठ्ठ्या देणारा, सायकलवर आला, बघून गेला आणि म्हणाला, "उद्या दिवस मावळायच्या आत वजनकाट्यावर आना. त्यानंतर जळका घेनार न्हाईत, मला बोलू नका."

तोडणीवाल्यांनी पहाटेपासून तोडून दोन्ही ट्रॉल्या भरल्या. बैलगाड्या बघितल्या, पण गाव-शिवारातली एकूणएक गाडी कारखान्याच्या टोळीत अडकलेली. ट्रॅक्टरच्या टाकीत तळाला हात बुडेल एवढं डिझेल, आणि वर एक बाटली. कारखाना चांगला लांब.

सासऱ्यांना सगळं घर आबा म्हणायचं, मीही. आबा ओट्यावर बसलेले, ह्यांच्याकडे न बघता म्हणाले, "बैलाला निदान कडबा तरी दिसत हुता. ह्याला काय देता, बोला."

हे म्हणाले, "रॉकेल घालतो."

आतून सासूबाई ओरडल्या, "आन घरात काय? काजवे धरून बसायचं व्हय? रेशनचं एवढंसं रॉकेल, ते बी ह्या राक्षसाला?"

धाकट्या दिरांना भलतंच सुचलं. त्यांचा एक दोस्त कारखान्याच्या डिस्टिलरीत होता. "स्पिरिट आनतो, वैनी. सांगा की ह्यांला. मळीचंच हाय, आपल्याच उसाचं."

"गप रं," हे म्हणाले. "ते पेट्रोलच्या गाडीला, जिथं ठिणगी पडती. आपलं इंजन दाबावर पेटतं, स्पिरिटवर ते नुसतं खोकत बसंल. आन वाटंत धरलं तर ऊस ऱ्हायला बाजूला, तुलाच आत घालतील."

"मग शेंगतेल?" दीर म्हणाले.

आबा उठून उभेच राहिले. "लोकं रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी खाऊन दिवस काढत्यात, आन तू इंजनाला शेंगतेल पाजनार? गावात तोंड दाखवायचं हाय का न्हाई?"

मग माझ्याच तोंडून निघालं, "करंजाचं हाय की." ओढ्याच्या काठाला करंजाची झाडं. शेंगा मीच गोळा करायची, आणि तेल्याकडून गाळून आणलेला डबा गोठ्यात असायचा. गुरांच्या खरजेला, गाडीच्या कण्याला, कधी बाहेरच्या दिव्याला. कडू एवढं की शेळी तोंड लावत नाही. म्हणजे कुणाच्या ताटातलं काढल्याचा प्रश्न नव्हता.

ह्यांनी अंगणात तीन पणत्या मांडल्या. एकीत रॉकेल, एकीत शेंगतेल, एकीत करंज. सासूबाई म्हणाल्या, "दिवाळी करा आता, ऊस आंबू द्या." रॉकेल भसकन पेटलं आणि फडफडायला लागलं. हे म्हणाले, ह्यानं गाडी पळंल पण इंजनातला डिझेलचा पंप कोरडा पडून घासंल. शेंगतेल शांत जळलं. करंजानं काळा धूर धरला, पण जळत राहिलं. मग ह्यांनी पळीनं करंज वर उचलून ओतून बघितलं. थंडीनं ते काकवीसारखं लोंबत होतं. असलं दाट तेल बारीक नळीतून जाणार कसं? मी पळी चुलीवर धरली, आणि तेच तेल पाण्यासारखं सुटलं.

तेवढ्यावरच ठरलं. इंजिन डिझेलवर चालू करायचं, चांगलं तापलं की ऊन केलेलं करंज, थोडंसं रॉकेल मिसळून, टाकीत ओतत राहायचं. डिझेलची बाटली राखून ठेवायची.

ऊन डबा धरायला कुणीतरी पाहिजे. दीर मागच्या ट्रॉलीवर, आबा पुढच्या. डबा गोधडीत गुंडाळून मी मडगार्डवर बसले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "बाईमाणूस ट्रॅक्टरवर! लोकं काय म्हनतील?"

"म्हनतील करंज्या तळायला चालली," दीर मागून म्हणाले. हसायचं कुणालाच सुचलं नाही.

वाटेनं मागं काळा धूर आणि असा कडवट वास, की रस्त्याकडेच्या बायका नाकाला पदर लावून उभ्या राहायच्या. हे नुसता आवाज ऐकत होते. आवाज जरा बदलला की माझ्याकडे बघायचे, मी डबा वाकवायची. चढाला इंजिन गुदमरल्यासारखं झालं, पण चढलं. कारखान्याची चिमणी दिसली तेव्हा सूर्य अजून चांगला वर होता.

काट्यासमोर रांग. बैलगाड्या, ट्रक, सगळे जागच्या जागी. आता त्या दिवसांत एक सवय सगळ्या मुलखाला लागलेली. गाडी थांबली की इंजिन बंद. चालू इंजिन दिसलं की म्हातारे अंगावर धावून यायचे. हे उतरून पावती करायला खिडकीकडे गेले. आबांनी इकडं तिकडं बघितलं. शेजारचा ट्रकवाला म्हणाला, "काय पाटील, लई डिझेल दिसतंय घरात!" झालं. आबांनी खटका ओढला, इंजिन गप.

उन्हं उतरली तेव्हा कुठं हे पावती घेऊन धावत आले. "कुनी बंद केलं?"

"मी केलं. तेल काय फुकट आलंय?"

  नळीत, फिल्टरात सगळं करंजच होतं, आणि संध्याकाळच्या गारव्यानं ते पुन्हा दाट झालेलं. ह्यांनी चालू करून बघितलं. घर्रर्र, घर्रर्र, आणि काही नाही. पुन्हा. बॅटरीचा आवाज खोल जायला लागला. पुढची गाडी सरकली, मागून शिव्या सुरू. "आरं हलवा ते धूड!" एक एक गाडी आम्हाला वळसा घालून पुढे जायला लागली. काट्यावरचा बाबू ओरडला, "जळकावाले, अंधार पडला की मी काटा बंद करनार!"

आबा ट्रॉलीला टेकून उभे. चेहरा उसासारखाच काळवंडलेला.

शेजारीच तोडणीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या होत्या, चुली पेटलेल्या. मी पळत गेले. एका बाईनं अंघोळीला पाणी ठेवलेलं. "बाई, पानी दे, माझा ऊस चाललाय," एवढंच मी म्हटलं. तिनं विचारलं नाही कसला ऊस. पटकुरानं हंडा धरून तीही माझ्यासोबत निघाली.

ह्यांनी पोतं ओलं करून पंपावर आणि नळ्यांवर घातलं, त्यावर आम्ही दोघी ऊन पाणी सोडत राहिलो. दिरांनी फिल्टरातलं करंज जमिनीवर काढलं. टाकीची नळी सोडून बाटलीला रबरी नळी लावली, आणि ह्यांनी बाटली माझ्या हातात दिली. "वर धर. हात खाली आनू नको."

दवाखान्यातल्या सलाईनसारखी मी ती बाटली डोक्यावर धरून उभी. ह्यांनी पान्यानं पंपाचा नट सैल केला, नळीत अडकलेली हवा फस फस निघाली, मग फेस, मग सरळ धार. नट आवळला. बाटली अर्धी.

"बॅटरीत एकदापुरताच जीव हाय," दीर म्हणाले.

आबा म्हणाले, "घाल."

घर्र... घर्र... आणि एक ढेकर दिल्यासारखा काळा धूर. मग दुसरा. मग इंजिनानं धरलं बाई! मी बाटली खाली आणली नाही, तशीच चालत राहिले ट्रॅक्टरच्या कडेनं, काट्यापर्यंत. बाबूनं उसाकडे बघितलं, मावळतीकडे बघितलं, आणि वजन लिहिलं.

पुढं नगरच्या मिस्त्रीनं इंजिन खोललं, आतली काजळी दाखवून आमच्या ह्यांचा चांगला उद्धार केला. ते नंतरचं.

त्या संध्याकाळी ट्रॉल्या यार्डात गेल्या आणि माणसं ऊस कारखान्याच्या गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या हौदात, ढकलायला लागली. आबा कडेला उभे राहून बघत होते. कांड्या खाली जात होत्या, साखळी ओढत होती. मी म्हटलं, "आबा, बसा जरा." ते म्हणाले, "सगळा आत जाऊ दे ना आधी." शेवटची मोळी आत गेली, तेव्हा कुठं ते खाली बसले, आणि ह्यांना हाक मारली, "ये रं, पानी पी."