एकनाथरावांनी पुसलेला पत्ता

…आणि एकनाथरावांनी डिलीटचं बटण दाबलं. काल गोष्ट इथंच थांबली होती, नाही का? दाबलं तेही कसं, तर विट्याच्या स्टँडवरून गाडी सोडताना घंटीची दोरी ओढावी तसं. टण टण. चला, जाऊ द्या!

त्या भल्या माणसाला काय ठाऊक, की आपण पोटच्या पोरीचा पत्ताच पुसून टाकला!

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जायला हवं. एकनाथराव म्हणजे एसटीचे कंडक्टर. उभी हयात विटा-सांगली आणि विटा-कराड. शाळा सातवीपर्यंतची, पण तोंड असं, की तिकीट फाडता फाडता कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून रुसून माहेरी बसली, सगळं विचारून घ्यायचे आणि पुढच्या थांब्याला ते दुसऱ्याला सांगायचे. बायको गेली तसं मुलगा रवी त्यांना अमेरिकेला घेऊन आला. शिकागोजवळ शॉमबर्ग म्हणून आहे, तिथं. २००८ साल होतं ते.

रवी आणि सून विनीता, दोघंही आयटीतली, दोघंही गुणाची. खायला-प्यायला काही कमी नाही. पण सकाळी गॅरेजमधून दोघांच्या दोन गाड्या निघाल्या, की घर असं गप्प व्हायचं, की फ्रिज मध्येच गुरगुरला तरी एकनाथरावांना बरं वाटायचं. कुणीतरी बोललं म्हणून. बाहेर पडावं तर रस्त्याला चिटपाखरू नाही. घरामागं तळं होतं आणि तळ्याकाठी ती कॅनडाची मोठाली बदकं. एवढी माजलेली, की माणसाला वाट देत नाहीत. एकनाथराव त्यांना म्हणायचे, "आत सरका, आत सरका, मागं जागा रिकामी आहे." बदकं ढिम्म. मग हेच वळसा घालून घरी.

एकदा हिय्या करून ते बसमध्येही बसले. कंडक्टर नाहीच! ड्रायव्हरच्या शेजारी एक डबा, त्यात पैसे टाकायचे. आत चार माणसं, चारी कोपऱ्यांत चार. एकनाथराव एकाच्या शेजारी जाऊन बसले, तर तो उठून दुसरीकडे गेला. रात्री रवी म्हणाला, "आण्णा, इथे रिकाम्या सीट असताना शेजारी बसत नाहीत." एकनाथराव म्हणाले, "मग बस कशाला काढली? प्रत्येकाला एकेक खोली द्यायची होती."

अशा माणसाला आधार एकच. त्यांची धाकटी, संध्या. ती नोकरीला टोकियोत. एकटीच राहायची. लग्नाचा विषय काढायचा नाही असं बापलेकीत ठरून गेलेलं. रवीनं आण्णांना जुना कॉम्प्युटर लावून दिला होता. एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून ते संध्याला मेल पाठवायचे. तिच्याकडे जपानी घडीचा फोन होता, त्याला लाल दोरीत ओवलेलं पितळी घुंगरू. ती ट्रेनमध्ये उभ्या उभ्या अंगठ्यानं उत्तर द्यायची. रीतच पडली होती, की आधी आण्णांनी लिहायचं आणि मग तिनं उलट टपाली.

आणि काय काय कळवायची पोरगी! म्हणे इथला ट्रेनचा गार्ड पांढरे हातमोजे घालतो, प्लॅटफॉर्मवर बघायला कुणी नसलं तरी सिग्नलकडे बोट करून मोठ्यानं ओरडतो, 'ठीक आहे!' एकनाथराव हे वाचून खुर्चीत ताठ बसले. जगात आपल्या जातीचा माणूस अजून आहे तर! त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात टोकियो शिरलं. पायी चालत जायची दुकानं, गल्लीत भेटणारी माणसं. भाषा येत नाही, नसू दे. ती इथं तरी कुठं येत होती?

पण मागणार कसं? आमच्याकडे जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणी पीत नसत. आणि इथं कर्तासवरता मुलगा डोळ्यांसमोर असताना बापानं लेकीच्या दारात जाऊन राहायचं? गाव काय म्हणेल ते सोडा, रवी काय म्हणेल? कित्येक दिवस ते लिहायचे आणि पुसायचे. शेवटी एका दुपारी डोळे मिटल्यासारखं करून पाठवलंच. 'रवीला बोलू नको. मी तुझ्याकडे राहायला येऊ का? नाही म्हणालीस तरी चालेल.'

पाठवलं मात्र, आणि तडक उठून तळ्यावर दोन चकरा मारल्या. बदकांना वाट मागायचंही विसरले.

आता गंमत ऐका. गंमत कसली, दैवाचा खेळ. नेमकं त्याच आठवड्यात संध्यानं फोन बदलला. त्या उन्हाळ्यात जपानात एक अमेरिकन फोन आला होता, बटणं नसलेला, काचेवर बोट फिरवायचा. तिनं हौसेनं घेतला. पण तिकडचा कायदाच निराळा. ज्या कंपनीचा फोन, तिचाच मेलचा पत्ता. कंपनी सोडली, की पत्ता गेला. भाड्याचं घर सोडल्यावर दारावरची पाटी उतरावी तसा. म्हणून फोन बदलला, की ओळखीपाळखीतल्या झाडून सगळ्यांना एक निरोप धाडायची तिकडे चाल आहे, की 'माझा पत्ता बदलला, नवा लिहून घ्यावा.' संध्यानंही एका दाबात सगळ्यांना धाडला. साहेबाला, मैत्रिणींना आणि आण्णांना. जपानीत! पत्ता तर इंग्रजीत आहे, आण्णांना कळेल, असं तिला वाटलं.

इकडे एकनाथरावांच्या पडद्यावर काय उमटलं? चौकटी, वाकडे आकडे, मुंग्या चिरडल्यासारखी अक्षरं. आणि रवीनं तर बजावून ठेवलेलं, "आण्णा, जे वाचता येत नाही ते डिलीट करायचं. उघडून बघायचं नाही. व्हायरस असतो." कंडक्टर माणूस, नियमाला पक्का. टण टण! दुसऱ्या दिवशी त्यांचा स्वतःचाच 'येऊ का'चा मेल बंद पडलेल्या जुन्या पत्त्यावरून परत आला, वर इंग्रजीत लांबलचक कायबाय. तोही टण टण!

आणि मग वाट बघणं सुरू झालं.

शनिवारी संध्याकाळी संध्याचा फोन यायचा, तिकडे तेव्हा रविवारची सकाळ. घरचा फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवायचा, म्हणजे सगळ्यांना ऐकू येतं. त्या शनिवारी एकनाथराव आधीपासूनच ओट्याला टेकून उभे.

"दादा, घेतला शेवटी तुमचा अमेरिकन फोन!" संध्या म्हणाली.

"वेलकम टू द क्लब!" रवी उडालाच. त्याच्याकडे तो आधीपासून होता. "कसा वाटतोय?"

"मस्त रे. पण माझं घुंगरू बोंबललं. दोरी अडकवायला ह्याला भोकच नाही! आणि ऑफिसातल्या बायका माझी कीव करतात. म्हणतात, संध्यासान, ह्यात टीव्ही नाही, हा तिकिटासारखा दाखवून ट्रेनमध्ये चढता येत नाही, मेलमध्ये हसरे-रडके चेहरे नाहीत, मग अमेरिकेत लोक फोनवर करतात तरी काय?"

"त्यांना म्हणावं, बोलतात," विनीता पोळी उलटत म्हणाली. सगळे हसले.

एकनाथरावही हसले. वाट बघत राहिले. बोलणं फोनवरून हवेवर गेलं, हवेवरून विनीताच्या पाठदुखीवर.

"आणि आण्णा, तब्येत बरी ना?"

"बरी आहे."

"काळजी घ्या हं."

झालं. फोन ठेवला. येऊ का म्हणून विचारलेल्याबद्दल चकार शब्द नाही. एकनाथरावांनी मनाशी हिशेब लावला, की शहाणी पोर आहे, नाही म्हणून बापाला दुखवायचं नाही, म्हणून ऐकूच न आल्यासारखं केलं. आपणही आता ते पुन्हा काढायचं नाही.

त्यानंतर ते कॉम्प्युटरपाशी फिरकले नाहीत. तिकडे संध्याला वाटलं, आण्णांचे मेल थांबले म्हणजे काहीतरी बिनसलंय. दोघं एकाच मुशीतली, विचारतंय कोण! शनिवारमागून शनिवार गेले. "तब्येत?" "बरी." "काळजी घ्या." तळ्याकाठची झाडं लाल झाली. एकनाथराव दुपारभर खिडकीत बसायचे आणि कुरिअरची गाडी दिसली, की ती कुणाच्या दारात थांबते एवढं बघायचे.

शेवटी विनीताच्या लक्षात आलं. एका शनिवारी डेव्हन ॲव्हेन्यूवर, म्हणजे शिकागोतल्या आपल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, भाजी घ्यायला नेलं होतं. एरवी तिथं पोचलं, की आण्णा खुलायचे, भेंडीवाल्या गुजराथ्याशी हिंदीत हुज्जत घालायचे. त्या दिवशी गाडीतून उतरलेच नाहीत. घरी आल्यावर फोन वाजला तशी तीच पुढं झाली.

"संध्या, तुझं आणि आण्णांचं काही भांडण झालंय का गं? ते आता मेलही करत नाहीत तुला."

"भांडण? वहिनी, मीच कधीची थांबलेय! नवा पत्ता पाठवला, त्यावर एक ओळ नाही. आण्णा, रागावलात का माझ्यावर?"

"कसला पत्ता?" एकनाथराव म्हणाले.

"अहो, फोन बदलला तेव्हा नाही का, जपानीत एक मेल आला असेल बघा..."

रवीनं कपाळाला हात लावला. "च्यायला! न वाचता येणारं सगळं उडवा असं मीच सांगितलं होतं. आण्णा, उडवलात ना?"

"नियम तुझा," एकनाथराव म्हणाले. "मी फक्त घंटी मारली."

विनीता हसत सुटली, रवी हसला, टोकियोत संध्याही हसली. "म्हणजे जुना पत्ता बंद झाल्यावर तुम्ही लिहिलेलं मला काही मिळालंच नाही," ती म्हणाली.

एकनाथरावांचा हात ओट्यावर होता, तो तिथंच राहिला. म्हणजे पोरीनं नाही म्हटलंच नव्हतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"लिहिलं होतं का आण्णा तुम्ही?" संध्यानं विचारलं. "काय लिहिलं होतं?"

"हां, सांगा की," रवी खुर्ची पुढं ओढत म्हणाला. चेहरा अजून हसराच. "आता आम्हालाही कळू दे."

हवापाण्याचं विचारलं होतं, हे उत्तर एकनाथरावांच्या जिभेवर तयार होतं. ते म्हटलं असतं तर फोन ठेवला गेला असता, पोळ्या वाढल्या गेल्या असत्या आणि सोमवारी पुन्हा दोन गाड्या गॅरेजमधून निघाल्या असत्या. त्यांनी रवीकडे पाहिलं. पोरगा चांगला होता, हीच तर अडचण होती. मग स्पीकरवर वाकून, गाडीतल्या मागच्या माणसालाही ऐकू जाईल अशा कंडक्टरी आवाजात ते म्हणाले,

"काही नाही गं बाय, तिकडची माणसंही भातच खातात असं ऐकलंय. एक मूठ तांदूळ जादा लावशील का, एवढंच विचारलं होतं."