इसोएनं काढलेले भोवरे

“तू? आणि गप्प बसणार? त्यापेक्षा समुद्राला सांग जा, जरा लाटा थांबव म्हणून!” इसोए मठात ध्यानाला बसणार हे ऐकून तिच्या त्सुने सासूबाई एवढ्या हसल्या की हातातला चहा चटईवर सांडला.

सासूबाईंचं काही चुकत नव्हतं. हामाशिरो बंदरात केस कापायचं दुकान एकच, ते इसोएचं, आणि तिथं कात्रीपेक्षा तिची जीभ जास्त चाले. कुणाची होडी कुठं घासली, कुणाच्या सुनेनं मुळ्याचं लोणचं खारट केलं, हे गावाला कळायचं ते तिच्या खुर्चीत मान खाली घालून बसल्यावरच. तिचा नवरा तोकुजी मासेमारीला गेला तो परतलाच नव्हता, त्यालाही आता बरीच वर्षं लोटली होती. बोलणं तेव्हापासून वाढलं, असं म्हातारी माणसं म्हणत.

झालं होतं असं. टेकडीवरच्या झेन मठात एक वृद्ध भिक्षुणी एकट्या राहत. गाव त्यांना आंजूसान म्हणे. त्या हिवाळ्यात बर्फावरून पाय घसरून त्यांचं मनगट मोडलं आणि स्वतःचं मुंडण स्वतः करणं थांबलं. म्हणून वस्तरा घेऊन इसोए वर गेली. मुंडण झाल्यावर आंजूसान गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, “इसोए, इतका वेळ तू एक शब्द बोलली नाहीस.”

“अगंबाई, हो की! पण हातात वस्तरा असला की नाही बोलता येत हो. कापलं बिपलं तर?”

“मग रविवारी बैठकीला ये. वस्तऱ्याऐवजी कुंचला देते.”

मठातली रविवारची बैठक म्हणजे आधी अर्धा तास ध्यान आणि मग प्रत्येकानं कागदावर शाईनं एका श्वासात एक वर्तुळ काढायचं. सगळे समोरासमोर दोन ओळींत बसत. इसोएच्या नेमका समोर आला क्युझो, साके दारूच्या दुकानाचा मालक. त्याचा डावा कल्ला उजव्यापेक्षा बोटभर वर होता आणि तो तिनंच परवा कापला होता. तिनं श्वासाकडे लक्ष द्यायचा प्रयत्न केला. लक्ष कल्ल्याकडे गेलं. मग पोटातून हसू उसळलं, खांदे गदगदू लागले. आंजूसान उठल्या आणि लाकडी पट्टीनं त्यांनी तिच्या खांद्यावर हलकेच थाप दिली.

कुंचला हातात आला तेव्हाही हसू पुरतं विरलं नव्हतं. बाकीच्यांची वर्तुळं चंद्रासारखी गोल उमटली. इसोएचं मध्येच उलटं वळलं आणि एका बाजूला फाकलं.

“हे कसलं वर्तुळ?” क्युझोनं डोकावून विचारलं.

“वर्तुळ नव्हे, तुझ्या डोक्यावरच्या केसांचा भोवरा आहे. सरळ फिरेल तर शपथ.”

भोवरा वाकडा तो माणूस वाकडा, असं तिकडे म्हणतातच. सगळी बैठक खो खो हसली. आंजूसाननी तो कागद उचलला आणि स्वयंपाकघरात भाताच्या हंड्यामागच्या भिंतीवर चिकटवला.

पुढच्या रविवारी इसोएनं पोस्टातल्या बाईंचा भोवरा काढला, त्याच्या पुढच्या रविवारी सुताराचा. लोक ओळखू लागले, वाहवा करू लागले, आणि तिथंच घोडं अडलं. इसोए दुकानात वर्तमानपत्रावर सराव करू लागली. ध्यानाला बसली की आज कुणाचं डोकं काढू, रेघ कुठून उचलू, हेच घोळवत राही. चित्रं मात्र शिळ्या भातासारखी कडक व्हायला लागली.

शेवटी ती आंजूसानपुढे रडकुंडीला आली. “हातातलं गेलं हो सगळं!”

“बसतेस तेव्हा काय करतेस?”

“चित्र ठरवते.”

“आणि चित्र काढतेस तेव्हा?”

“लोक काय म्हणतील ते बघते.”

“म्हणजे बसताना तू काढतेस आणि काढताना लोकांत असतेस. मग बसतं कोण आणि काढतं कोण?”

“मग करू तरी काय?”

“माझे केस वाढलेत. आधी ते काढ.”

इसोएनं पाणी तापवलं. वस्तरा कानामागून वर सरकत राहिला आणि त्याच्या खरखरीशिवाय खोलीत दुसरा आवाज उरला नाही. त्या दिवशी तिनं कुंचल्याला हात लावला नाही, आणि घरी जाताना तिला फार हलकं वाटलं.

शरदात वादळ आलं. पाऊस मठात घुसला आणि मोठ्या दालनाच्या सरकत्या कागदी दारांवर रंगवलेले जुने क्रौंच पक्षी धुऊन गेले. सुतारानं नवा पांढरा कागद चढवला. आंजूसानचं मनगट भरून आलं होतं, पण मोठी रेघ ओढण्याइतकं नाही.

“दारं तू रंगव,” त्या इसोएला म्हणाल्या.

“मी? मी केस कापणारी बाई! मला क्रौंच येत नाहीत!”

“क्रौंच मागितलेत कुणी?”

हिवाळा सरला, चेरीला कळ्या आल्या, बुद्धजन्माचा सण उद्यावर आला, तरी दारं कोरीच. क्युझो रोज टोमणा मारी, “वा, इसोए! धुकं हुबेहूब जमलंय!”

सणाच्या आदल्या सकाळी दालनात फुलांची सजावट चालली होती, म्हणून सगळे ओसरीवर समुद्राकडे तोंड करून ध्यानाला बसले. इसोएला उशीर झाला. ती मागे येऊन टेकली. समोर गावाच्या पाठी, आणि पाठींवर डोकी. एकूण एक डोकं तिच्या बोटांना ठाऊक होतं. या वेळी तिनं काही ठरवलं नाही. खालून लाटांचा आवाज येत होता, तिचा श्वास चालू होता आणि डोकी समोर होती.

घंटा वाजली. इसोए उठली ती थेट दारांपाशी गेली आणि शाईत कुंचला बुडवला. लोक कुजबुजत वळू लागले तशा आंजूसान म्हणाल्या, “वळू नका. चला, पुन्हा बसू या.” क्युझोचे गुडघे कुरकुरले, पण तोही बसला. त्यांच्यामागे कुंचला कागदावरून सरकत होता, थांबत होता, पुन्हा सरकत होता.

दुसरी घंटा झाल्यावर सगळे वळले. दारांवर गाव बसलं होतं, पाठमोरं. रुंद पाठी, पोक काढलेल्या पाठी आणि प्रत्येक डोक्यावर ज्याचा त्याचा भोवरा. स्वतःची पाठ आजवर कुणी पाहिली नव्हती, त्यामुळे एकच कल्लोळ उडाला.

“हे टक्कल कुणाचं?” क्युझोनं विचारलं.

“तुझं.”

“मला टक्कल नाही! केस कापल्यावर तू मागून आरसा दाखवतेस की!”

“दाखवते. जरा तिरका धरून.”

पोस्टातल्या बाई हसता हसता खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी क्युझोच पाठीवर बसवून त्सुने सासूबाईंना टेकडीवर घेऊन आला. त्या दारांपुढून एकेकाला नावं ठेवत चालल्या होत्या, त्या शेवटच्या दारापाशी थबकल्या. कडेला एक डोकं होतं, त्यावर दोन भोवरे.

“हा तर आमचा तोकुजी,” त्या म्हणाल्या.

इसोए पुढे आली. कालच्या बैठकीत दोन भोवऱ्यांचं कुणी नव्हतं. हे डोकं आपण काढल्याचं तिला आठवेना, पण रेघ तिचीच होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तोंडावर हसू, आणि बोलायला शब्द नाही.

सासूबाईंनी तिचा हात धरला. “बघ, इतकी वर्षं भटकून गावात येऊन बसलाय. आणि काय गं, तो येताच तूही गप्प!” मग दोघी अशा हसल्या की सणाच्या रीतीप्रमाणे बालबुद्धाच्या मूर्तीवर गोड चहा ओतताना पळी डुगडुगत राहिली.

उन्हाळ्यात खाडीपलीकडच्या गावातले मठाधिपती आले. त्यांच्या मठाचीही दारं कोरी होती.

“काढीन की,” इसोए म्हणाली, “पण तुमची डोकी मला ठाऊक नाहीत. आधी केस कापायला बसवा सगळ्यांना.”

पुढच्याच आठवड्यात ती कात्री, वस्तरा आणि कुंचला एका गाठोड्यात बांधून होडीत बसली. सासूबाई आधीच पुढची जागा धरून बसल्या होत्या. तिकडच्या बायका लोणचं कसं करतात, ते त्यांना बघायचं होतं.