दोन दिवसांनी लहान

वेन्डेल प्रुइट आमच्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाला पाय शिकवायचे. बाकीचं शिकवायला दुसरे लोक होते. मुख्य प्रशिक्षक डाव आखायचे, एक जण नेम बघायचा, एक जण समोरच्या संघांची टिपणं काढायचा. वेन्डेलच्या वाट्याला उंच मुलं यायची. बास्केटकडे पाठ करून उभं राहिल्यावर कुठला पाय रोवायचा, कुठल्यावर फिरायचं, खांदा कधी टाकायचा, हे ते रोज सकाळी सहाला शिकवायचे. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. गुडघे गेलेले. तरी स्वतः करून दाखवायचे.

त्याच मुलांना मी निबंध लिहायला शिकवते. साहित्याची पदवी घेतल्यावर मिळालेली ही पहिली नोकरी. पहिल्या सहामाहीत मुलं येतात, कारण नापास झालं तर खेळता येत नाही. दुसऱ्या सहामाहीत जी खरी चांगली खेळतात ती येईनाशी होतात. मार्चमध्ये हंगाम संपतो. एप्रिलमध्ये ती खोल्या रिकाम्या करतात. जूनमध्ये व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात. त्या निवडीत उतरायचं तर शाळा सुटून एक वर्ष झालेलं हवं आणि निवडीच्या वर्षात वयाची एकोणीस पूर्ण व्हायला हवीत. मधलं एक वर्ष कुठेतरी काढायचं असतं. ते आमच्याकडे काढतात.

“आपण दोघं बसथांब्यावर शिकवतो, मास्तरीणबाई,” वेन्डेल म्हणायचे. “मी एक पाय शिकवेपर्यंत बस येते.”

सरावानंतर आम्ही कोपऱ्यावरच्या खानावळीत अंडी आणि टोस्ट खायचो. ते आपल्या प्रशिक्षकाबद्दल सांगायचे. वेन्डेल चार वर्षं इथेच शिकले होते. पहिल्या वर्षी त्यांना मैदानात उतरवलंसुद्धा नव्हतं. डाव्या पायावर फिरणं तिसऱ्या वर्षी जमलं. पुढे बेल्जियममध्ये त्यांनी सहा वर्षं त्याच पायावर काढली. आता त्यांच्या हातात येणारं पोर ऑगस्टमध्ये येतं आणि एप्रिलमध्ये जातं. सोळा वर्षांत अशी अकरा मुलं गेली. तीन वर्षांनंतरही खेळत राहिलेली दोन. त्या अकरांपैकी कोणी कधी खानावळीतल्या टीव्हीवर दिसला, तर वेन्डेल काटा खाली ठेवायचे.

“बघ, डावीकडे वळत नाही. सगळ्यांना माहीत झालंय की डावीकडे वळत नाही. ते मी पुढच्या वर्षी शिकवणार होतो.”

त्यांच्याइतका सरळ माणूस मी पाहिला नव्हता. एकदा अटीतटीच्या सामन्यात चेंडू बाहेर गेला. पंचांनी तो आम्हाला दिला. वेन्डेल बाकावरून उठून म्हणाले, “आमच्याच पोराचा हात लागलाय.” सामना आम्ही हरलो. मुख्य प्रशिक्षक आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

क्विंटन ओडम आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. पावणेसात फूट उंच, आणि अजून वाढत होता. त्याचे वडील हॉरेस एका लहान गावात शाळेच्या संघाचे प्रशिक्षक. त्यांनी उन्हाळ्यात जादा वर्ग लावून पोराला शाळेतून एक वर्ष आधीच बाहेर काढलं होतं.

“सतराव्या वर्षी आत, एक वर्ष, आणि बाहेर,” ते पहिल्याच भेटीत म्हणाले. “पुढच्या हंगामात दोन जानेवारीला हा एकोणीसचा होतो. बसलं गणित.”

मुख्य प्रशिक्षकांनी मान डोलावली. मीही डोलावली. आमच्याकडे वर्ष नोव्हेंबरात सुरू होतं. लोक लग्नाची तारीखसुद्धा ‘उपांत्य फेरीत हरलो ते वर्ष’ अशी सांगतात. निवडीनंतरच्या पहिल्या हंगामाने मोजलं तर हॉरेसचं गणित बरोबर होतं. पण नियम लिहिणाऱ्यांनी वर्ष भिंतीवरच्या कॅलेंडरने मोजलं होतं. जूनमध्ये निवड झाली, तर त्याच डिसेंबरच्या एकतीस तारखेपर्यंत एकोणीस पूर्ण व्हायला हवीत. क्विंटन दोन दिवसांनी लहान होता.

हे आमच्यातल्या कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, असं एप्रिलमध्ये ते कळल्यावर मी धरून चालले होते.

वेन्डेलनी त्या हिवाळ्यात त्याच्यावर जशी मेहनत घेतली तशी मी कधी पाहिली नव्हती. सहा आठवडे त्याच्या हाती चेंडूच दिला नाही. नुसतं उभं राहणं, वाकणं, फिरणं. त्याच्या बरोबरचा रोडरिक पहिल्या दिवसापासून चेंडू बास्केटात आदळत होता. प्रेक्षक त्याच्यावर खूश होते. क्विंटन सामन्यात नऊ मिनिटं खेळायचा आणि पुन्हा बाकावर.

“कोच, निवडणारे लोक येऊन बसलेत. त्यांना मी काय दाखवू? उभं राहून दाखवू?”

“दाखव. नीट उभं राहणारं कोण आहे हल्ली?”

“रोडरिक हसतो मला.”

“हसू दे. तुला घाई नाही.”

एप्रिलमध्ये हॉरेसनी निवडीसाठी मुलाचं नाव पाठवलं. आठ दिवसांत उत्तर आलं. वयाच्या अटीत बसत नाही, पुढच्या वर्षी पाठवा.

ते ऐकलं तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं, हे लिहून टाकते. त्याचा निबंध अर्धा राहिला होता. आता पुरा होईल, असं मनात आलं. मग स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो निबंध मागायलाच मैदानावर गेले होते. क्विंटन मधोमध उभा होता. हॉरेस दारापाशी, टोपी हातात. वेन्डेल चेंडू गोळा करत होते.

“कोच, एक विचारू?”

“विचार.”

“रोडरिकला तुम्ही रोज म्हणायचात, तुझ्याकडे वेळ नाही, उरक. मला म्हणायचात, तुला घाई नाही. मला का घाई नव्हती?”

वेन्डेलनी आणखी एक चेंडू उचलला.

“सहा आठवडे चेंडू नाही. डावा पाय पुढच्या वर्षी बघू, असं तुम्ही डिसेंबरात म्हणालात. मला वाटलं, चुकून म्हणालात. पुढचं वर्ष कुठलं, कोच?”

“क्विंटन...”

“कधी कळलं तुम्हाला?”

वेन्डेल खोटं बोलू शकले असते. मला वाटतं, त्यांना ते येतच नव्हतं.

“ऑगस्टमध्ये. बुटांच्या मापाच्या फॉर्मवर तुझी जन्मतारीख होती.”

हॉरेस पुढे आले. आवाज चढलेला नव्हता. “ऑगस्टमध्ये कधी? वर्ग सुरू झाल्यावर की आधी?”

“आधी. आठ दिवस आधी.”

“म्हणजे तो परत शाळेत येऊ शकला असता. माझ्या डोळ्यांसमोर. शाळेचं शेवटचं वर्ष, सामन्याची पूर्ण बत्तीस मिनिटं मैदानात. पुढच्या वर्षी मग कुठेही गेला असता. चूक माझी आहे, वेन्डेल, मोजलं मी. पण तुम्ही बघितलंत आणि गप्प बसलात.”

“तो इथे शिकला, हॉरेस. त्याचे पाय बघा. देशात या वयाच्या एकाही पोराचे पाय असे नाहीत.”

“कोणाला विचारून शिकवलंत?”

वेन्डेलच्या हातातला चेंडू खाली पडला. तो कोणी उचलला नाही. क्विंटनने माझ्याकडे वळून “निबंध टेबलावर ठेवलाय, मॅडम,” म्हटलं आणि वडिलांबरोबर निघून गेला. निबंध पुरा होता.

खानावळीत त्या दिवशी मी नुसती कॉफी घेतली.

“बोल,” वेन्डेल म्हणाले.

“त्या पंचाला तुम्ही उठून सांगितलंत.”

“तो सामना होता.”

“आणि हे काय होतं?”

त्यांनी टोस्टचे तुकडे केले. “सोळा वर्षं मी अर्धी पोरं बाहेर पाठवतोय. एकाही माणसाने मला विचारलं नाही, वेन्डेल, हे पुरे का? नियमवाले विचारत नाहीत, संघवाले विचारत नाहीत, बाप विचारत नाहीत. पोरांना शाळेतून थेट घ्या, नाहीतर चार वर्षं इथे ठेवा. हे एक वर्ष कोणाच्या कामाचं? पहिल्यांदा त्या नियमाने मला काहीतरी दिलं. दोन दिवस दिले. मी ते घेतले.”

“ते क्विंटनचे होते.”

“हो,” ते म्हणाले. “माहीत आहे मला.”

मी त्यांना नियमाविरुद्ध बोलताना शंभर वेळा ऐकलं होतं आणि शंभर वेळा ते मला पटलं होतं. त्यातला एकही शब्द तेव्हा खोटा ठरला नव्हता. तरी समोर बसलेला माणूस मला ओळखू येत नव्हता.

मे महिन्यात क्विंटन दुसऱ्या विद्यापीठात गेला. आता तसं जाता येतं, कोणी अडवत नाही. आमच्याकडे कोणी वेन्डेलना जाब विचारला नाही. त्यांनी कुठलाच नियम मोडला नव्हता. मुख्य प्रशिक्षक एवढंच म्हणाले, “वाईट झालं, पोरगं हातचं गेलं.”

जूनमध्ये वेन्डेलनी मला चार पानं दिली. हाताने लिहिलेली. क्विंटनच्या नव्या प्रशिक्षकासाठी. दुसऱ्या वर्षात काय शिकवायचं, महिन्यावार. ऑक्टोबरात डावा पाय, मग डावा खांदा, जानेवारीपर्यंत दोन्हीकडून चेंडू. पायांच्या ठशांची चित्रं काढली होती.

“भाषा बघ जरा. तुझं काम आहे ते.”

मी वाचली. “यात माफी नाही.”

“त्या प्रशिक्षकाची कशाला माफी मागू?”

“क्विंटनला वेगळं लिहा.”

“लिहिलं. तीनदा लिहिलं आणि फाडलं. माझं काय चुकलं ते त्याला नेमकं माहीत आहे. मी आणखी काय सांगू? त्याला पुढचं यायला हवं. ते यात आहे.”

मी दोन वाक्यं सरळ केली आणि पानं पाठवून दिली. क्विंटनला मी माझं वेगळं पत्र लिहिलं. निबंध चांगला झाला होता, तेवढंच. बाकीचं लिहायचा मला अधिकार नव्हता.

उत्तर ऑगस्टमध्ये आलं, फोनवर, तीन ओळींचं. सरावाआधी खानावळीत बसलो होतो, तेव्हा वेन्डेलनी फोन माझ्याकडे सरकवला. ‘पानांबद्दल आभार. मेहनत दिसते. पण मुलगा आमच्याकडे एकच वर्ष आहे, त्यामुळे त्याला लांबून नेम मारायला लावतोय. पाय बघायला वेळ नाही.’

वेन्डेल उठले. सकाळचे सहा वाजायला दहा मिनिटं होती. नवी दोन पोरं मैदानावर आली असणार होती.

“दोघांचीही जन्मतारीख बघितलीत?” मी विचारलं.

“बघितली. दोघांच्या बापांना काल फोन केला. वयात बसतात. एप्रिलमध्ये दोघंही जाणार.”

गुडघा धरत ते दाराकडे गेले.