काळूरामने मागितलेला पट्टा

काळूराम मुकादमाने उभ्या आयुष्यात शेठकडे एकच गोष्ट मागितली, आणि ती मिळाली. न मिळती तर बरं झालं असतं, असं तो पुढे मरेपर्यंत म्हणत राहिला.

शिळफाट्याजवळ शेठचं गोदाम होतं. साखर, सिमेंट, खत, ट्रकमधून जे येईल ते काळूरामची टोळी पाठीवर घेऊन आत रचायची. थप्पी उंच झाली की तिला लाकडी फळी लावायची आणि पोत्यासकट त्या फळीवरून वर चढायचं. टोळीचा एक कायदा होता. हप्त्याची मजुरी सगळ्यांत सारखी वाटायची, आणि जो आजारी पडून घरी बसला त्याचाही वाटा काढायचा. तो मुकादमाने स्वतः त्याच्या घरी नेऊन द्यायचा. उपकार म्हणून नाही, त्याचा हक्कच होता तो.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात ओल्या फळीवरून सखा घसरला आणि सिमेंटचं पोतं त्याच्या कमरेवर आलं. सखा काळूरामचा जोडीदार. दोघे एकाच बौद्धवाड्यातले, एकदमच कामाला लागलेले, एकमेकांच्या लग्नात नाचलेले. आता सखाचे पाय हलेनात. हप्त्याच्या हप्त्याला काळूराम त्याचा वाटा पोचवायचा.

शेवटी टोळीला मागे घेऊन तो शेठपुढे उभा राहिला. "शेठ, माणसाची पाठ म्हंजी काय लोखंड हाय? वर माल चढवायला कायतरी यंत्र आणा. आमी खालचं बघू."

शेठ लगेच हो म्हणाला. इतक्या लवकर हो म्हणाला, तिथेच काळूरामच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण त्याला तर गहिवरून आलं. भला माणूस हा असा असतो, काय करणार!

दिवाळीनंतर पट्टा आला. विजेवर चालणारा, हवा तसा वरखाली करता येणारा रबरी पट्टा. खालच्या टोकाला पोतं ठेवलं की ते आपलं आपण वर. शेठने पेढे वाटले. काळूराम आपला पेढा न खाता थेट सखाकडे घेऊन गेला. "आता कुणाची कंबर मोडायची नाय रं," तो म्हणाला, आणि सखा पडल्या पडल्या हसला. तेवढा एक दिवस काय तो आनंदाचा.

दुसऱ्याच आठवड्यात शेठने बोलावलं. "पट्ट्याला तिघं पुरे. तू बटणावर, एक जण खाली, एक वर. बाकीच्यांना सांगून टाक."

काळूराम भांडला, मग त्याने हात जोडले. शेठ आवाजही न चढवता म्हणाला, "तूच मागितलंस ना?"

काळूरामने जाऊन टोळीला सांगितलं. माणसं त्याच्याकडे न बघता निघून गेली. कुणी कशेळ्याकडे शेतावर, कुणी आणखी कुठे. उरलेल्या तिघांना महिन्याचा पगार लागला, ज्याचा त्याला. टोळी मोडली तसा तिचा कायदाही मोडला. काळूरामनेही काम सोडून द्यायचं ठरवलं होतं. पण मग सखाच्या घरी काय न्यायचं, म्हणून तो राहिला.

पहिला पगार झाला तसा तो सखाच्या दारात गेला. सखाची बायको चंद्रभागा भांडी घासत होती.

"वाटा आलाय गं."

"कुणाचा?"

"टोळीचा."

"टोळी कुठं हाय आता, भावजी?"

आतून सखाचा आवाज आला. "काळू, ह्यो तुझा पगार हाय. टोळीचा मी ताठ मानंनं घेतला. ह्यो नाय घेनार. तुला पन पोरं हायेत."

"अरं, पन खाशील काय?"

काळूरामने खूप विनवण्या केल्या, तो रागावला, रडला. काही उपयोग झाला नाही. लाज वाटायला हवी होती ती शेठला. वाटत होती मात्र या दोघांना.

पुढच्या महिन्यात तो गेला तर दाराला कडी. शेजारीण म्हणाली, बैलगाडीत घालून नेलं सखाला, कर्जतकडच्या वीटभट्टीवर गेली सगळी.

सुटीच्या दिवशी काळूराम भट्ट्या शोधत फिरला. चौथ्या की पाचव्या भट्टीवर चंद्रभागा दिसली. डोक्यावर विटांची चळत, मान ताठलेली, पायाखाली तापलेली माती. पट्टा आला तेव्हापासून गोदामात कुणी ओझं घेऊन चढत नव्हतं, आणि ही इथे वाहत होती. काळूराम धावत गेला. तिच्या डोक्यावरच्या विटा घ्यायला त्याने हात पुढे केले.

"सरका भावजी," ती न थांबता म्हणाली, "मुकादम बघतोय."

तो सरकला. पलीकडच्या खोपटातून सखा कुणाला तरी पाणी मागत होता, ते त्याला स्पष्ट ऐकू आलं. आत जायचं धैर्य त्याला झालं नाही. तो तसाच माघारी फिरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबायला कामावर गेला.